व्हिसा लागला म्हणजे कॉलेज खरं, असं नसतं

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती थोडी काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

बदलापूर लोकलच्या दारात उभं राहून हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

आज परदेशातल्या शिक्षणाबद्दल बोलायचंय. पण अ‍ॅडमिशन कशी मिळवायची, एसओपी कसा लिहायचा, हे नाही. ते सांगणारे शेकडो चॅनल आहेत. मला बोलायचंय अशा कॉलेजांबद्दल जी व्हिसासाठी लागणारा कागद अगदी व्यवस्थित देतात, फी घेतात, आणि शिकवत मात्र काही नाहीत. किंवा शिकवतात, पण त्यांच्या डिग्रीला तिथेच कोणी विचारत नाही.

सुरुवात आपल्याच भागापासून करू. उल्हासनगरचा 'मेड इन यूएसए'वाला किस्सा तुम्ही ऐकलेला असणार. वस्तूवर ठसठशीत छाप, मेड इन यूएसए. आणि यूएसए म्हणजे काय, तर उल्हासनगर सिंधी असोसिएशन. खरं-खोटं देव जाणे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या आणि तिथून धंदे उभे केलेल्या लोकांवरचा हा विनोद आहे, आणि तो ते स्वतःच सगळ्यात जास्त हसत सांगतात. कॅम्प पाचच्या जीन्सवाल्याला लेबल दाखवून तुम्ही फसवू शकत नाही. तो लेबलकडे बघतच नाही. कापड हातात घेतो, शिलाई उलटी करून बघतो, चेन दोनदा वरखाली करतो. लेबल वेगळं मिळतं आणि कापड वेगळं मिळतं, हे त्याला पक्कं माहीत असतं.

पण मुलाच्या अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीचा विषय निघाला की हाच माणूस फक्त लेबल बघतो. आणि ते लेबल म्हणजे व्हिसा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल: "व्हिसा लागला ना, मग झालं!" कन्सल्टन्सीच्या बॅनरवर पासपोर्ट धरलेल्या पोरांचे फोटो, मामाच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर अभिनंदन, सोसायटीत पेढे. कोणी विचारत नाही की बाबा, कॉलेज कुठलं, ते कोण चालवतं, वर्ग कुठे भरतो. कारण सगळ्यांच्या मनात एक गृहीतक असतं. एवढं मोठं अमेरिकन सरकार, त्यांनी तपासलंच असेल ना?

इथे मला माझ्या धंद्यातलं उदाहरण द्यावंसं वाटतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ब्राउझरमध्ये वेबसाइटच्या पत्त्याशेजारी ते छोटं कुलूप दिसायचं, आठवतंय? लोकांना वाटायचं कुलूप आहे म्हणजे साइट विश्वासू. तसं नाहीये. कुलपाचा अर्थ इतकाच की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंत जाणारी माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बँक बसलीय की चोर, याबद्दल कुलूप काही बोलत नाही. चोराच्या साइटलाही कुलूप मिळतं, तेही फुकट.

व्हिसाचं अगदी असंच आहे. अमेरिकेला जायचं तर कॉलेजकडून आय-२० नावाचा कागद लागतो. तो कोणी द्यावा याची परवानगी त्यांच्या गृहसुरक्षा खात्याचा एक विभाग देतो. दूतावासातला अधिकारी बघतो की हा आय-२० सिस्टीममध्ये आहे का, पोराकडे पैसे आहेत का, आणि त्याचं खरं कारण शिक्षण हेच वाटतंय का. संपलं. डिग्रीला मान्यता आहे की नाही, हा प्रश्नच वेगळा. ती मान्यता, म्हणजे अ‍ॅक्रेडिटेशन, देणाऱ्या संस्था वेगळ्या असतात आणि त्या संस्थांना मानायचं की नाही हे त्यांचं शिक्षण खातं ठरवतं. दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या याद्या. तुमचं कॉलेज पहिल्या यादीत असून दुसऱ्या यादीत नसू शकतं. मान्यता नसलेल्या कॉलेजलाही आय-२० द्यायची परवानगी मिळू शकते. अट अशी की निदान तीन मान्यताप्राप्त कॉलेजं आमचे क्रेडिट स्वीकारतात, असं त्याने दाखवायचं.

आता या फटीतून काय होतं बघा.

कॅलिफोर्नियात प्लेझंटन नावाचं गाव आहे. तिथे ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी होती. सुझन सू नावाच्या बाईंची. मान्यता नव्हती. ते तीन कॉलेजांचे क्रेडिटवाले कागदही खोटे होते, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. २००९ मध्ये आय-२० द्यायची परवानगी मिळाली, आणि दोन वर्षांच्या आत विद्यार्थी किती? दीड हजारांच्या वर! त्यातले बहुतेक भारतीय, आणि भारतीयांमध्येही बहुतेक तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले. निम्म्याहून जास्त विद्यार्थ्यांचा कागदोपत्री पत्ता एकच होता, सनीव्हेलमधलं एक अपार्टमेंट. आपल्याकडे एका वन-बीएचकेत आठ बॅचलर राहतात हे ठीक आहे, पण शेकडो? पोरं प्रत्यक्षात अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला कामं करत होती. आणि नवा विद्यार्थी आणला तर जुन्याला त्याच्या फीमधला हिस्सा मिळायचा. म्हणजे हे कॉलेज कमी आणि चेन मार्केटिंग जास्त होतं.

१९ जानेवारी २०११ ला धाड पडली. कॉलेज बंद. आणि काही विद्यार्थ्यांच्या पायात इलेक्ट्रॉनिक पट्टे बांधले गेले, जामिनावरच्या आरोपीला बांधतात तसे. त्यावर आपल्या परराष्ट्र खात्याने जाहीर निषेध केला होता. सू बाईंना २०१४ मध्ये सोळा वर्षांहून जास्त शिक्षा झाली. त्यांनी त्या पैशातून घरं घेतली होती, मर्सिडीज घेतली होती. हे सगळं जप्त झालं. पोरांची वर्षं कोण परत देणार?

आता तुम्ही म्हणाल, पोरं काय दूधखुळी होती का? वर्ग भरत नाही हे दिसत नव्हतं? प्रश्न बरोबर आहे. आणि उत्तर असं आहे की अनेकांना दिसत होतं. इथे मी कोणाचीही वकिली करणार नाही. पण ते तिथे का थांबले हे समजून घ्या, कारण त्याच जागी उद्या तुम्ही असू शकता.

अमेरिकेत मास्टर्स झालं की ओपीटी मिळतं, म्हणजे एक वर्ष काम करायची मुभा. इंजिनीअरिंग, कॉम्प्युटर वगैरे विषय असतील तर आणखी दोन वर्षं. त्यात एच-वन-बी लागला तर लागला. पण तो वर्षाला ६५ हजार, आणि अमेरिकेतली मास्टर्स डिग्री असणाऱ्यांसाठी वर २० हजार. अर्ज त्याच्या कितीतरी पट. म्हणजे सोडत. समजा नंबर लागला नाही आणि ओपीटी संपलं, तर साठ दिवसांत देश सोडायचा किंवा पुन्हा कुठेतरी विद्यार्थी व्हायचं. इकडे वीस-तीस लाखांचं कर्ज बाकी आहे. बाबा हमीदार आहेत. अशा वेळी रूममेट सांगतो की एक कॉलेज आहे, पहिल्या दिवसापासून सीपीटी देतात, म्हणजे शिक्षणाचाच भाग म्हणून नोकरीची परवानगी, जायची गरज नाही, फी भर आणि काम कर. मग तो पोरगा डिग्री विकत घेत नसतो, तो वेळ विकत घेत असतो. सीपीटी ही कायद्यातली खरी तरतूद आहे, म्हणून तर फसायला होतं. पण ती शिक्षणाचा भाग म्हणून आहे, आणि शिक्षणच नसेल तर उरतं काय?

ह्या गरजेचा वास फक्त ठगांनाच लागला असं नाही. सरकारलाही लागला. आणि इथे गोष्ट जरा विचित्र होते.

२०१३ मध्ये न्यू जर्सीत एक युनिव्हर्सिटी निघाली, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी. वेबसाइट होती, बर्फ पडला की आज वर्ग नाहीत असं ट्विट करायची. वर्ग मुळातच नव्हते! ती युनिव्हर्सिटी चालवत होते गृहसुरक्षा खात्याचे गुप्त अधिकारी. एप्रिल २०१६ मध्ये २१ दलाल पकडले आणि १,०७६ विद्यार्थी उघडे पडले, बहुतेक चीन आणि भारतातले.

मग मिशिगनमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन. तीही सरकारनेच उभी केलेली. लॅटिनमध्ये ब्रीदवाक्य, त्याचा अर्थ ज्ञान आणि श्रम. ३० जानेवारी २०१९ ला अटका सुरू झाल्या. आठ दलालांवर खटले, आणि पहिल्या फेरीत १३० विद्यार्थी ताब्यात. त्यातले १२९ भारतीय. एकशे एकोणतीस! पुढच्या काही महिन्यांत आकडा अडीचशेच्या आसपास गेला. भारताने दिल्लीतल्या अमेरिकन दूतावासाकडे लेखी नाराजी कळवली, चोवीस तासांची हेल्पलाइन सुरू केली.

फार्मिंग्टनचं मला सगळ्यात जास्त डाचतं ते हे: मी मघाशी म्हणालो ना, दोन याद्या असतात? हे कॉलेज दोन्हीकडे होतं. आय-२० देणाऱ्यांत होतं, आणि मान्यता देणाऱ्या एका खऱ्या संस्थेच्या यादीतही ते सरकारच्या सांगण्यावरून घातलेलं होतं. म्हणजे एखाद्या पोराने प्रामाणिकपणे घरबसल्या तपासलं असतं, तरी त्याला हिरवा टिकमार्कच दिसला असता. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की शिक्षक नाहीत, वर्ग नाहीत, हे विद्यार्थ्यांना माहीत होतं आणि तरी ते फी भरत राहिले. अनेकांच्या बाबतीत ते खरंही असेल. पण काहींनी वर्ग कधी सुरू होणार असं विचारल्याचं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. आणि फी सरकारने ठेवून घेतली, त्याचं काय? फार्मिंग्टनच्या विद्यार्थ्यांनी फीसाठी सरकारवर दावा लावला, खालच्या कोर्टाने फेटाळला, आणि जून २०२४ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा उभा केला. माझं मत विचाराल तर दलाल पकडायला सापळा लावा, हरकत नाही. पण कर्जाखाली दबलेल्या पोराकडून तिमाही फी गोळा करणं हे मला पटत नाही.

बरं, हे ऐकून आपले लोक काय म्हणतात? "ते तेलुगू पोरांचं आहे, ते पंजाब्यांचं आहे, ते गुजरात्यांचं आहे." मराठी माणूस कसा सरळमार्गी. तर मंडळी, डिसेंबर २०२४ ची ईडीची माहिती बघा. मुंबई, नागपूर, गांधीनगर आणि वडोदरा, अशा आठ ठिकाणी छापे. मुद्दा असा की लोकांना कॅनडाच्या कॉलेजात प्रवेश घेऊन द्यायचा, स्टुडंट व्हिसावर पाठवायचं, कॉलेजला जायचंच नाही, सीमा ओलांडून अमेरिकेत शिरायचं, आणि भरलेली फी परत यायची. माणशी ५५ ते ६० लाख रुपये. ईडीचं म्हणणं आहे की मुंबईतली एक संस्था आणि नागपुरातली एक संस्था, दोघींचे परदेशी कॉलेजांशी कमिशनचे करार होते. एकीमार्फत वर्षाला साधारण २५ हजार विद्यार्थी बाहेर जातात, दुसरीमार्फत १० हजारांहून जास्त. एकीचे ११२ कॅनेडियन कॉलेजांशी करार, दुसरीचे दीडशेहून जास्त. हे आरोप आहेत, सिद्ध व्हायचे आहेत, आणि या पस्तीस हजारांतले बहुतेक शिकायलाच गेले असणार. पण पाटी मुंबईची आणि नागपूरची आहे, एवढं नोंदवून ठेवा. हा तपास सुरू झाला कशावरून? १९ जानेवारी २०२२ ला गुजरातमधल्या डिंगुचा गावचं एक कुटुंब, आई-बाप आणि दोन लहान मुलं, कॅनडाची सीमा पायी ओलांडताना उणे पस्तीसच्या थंडीत गोठून गेलं. त्यावरून.

कॅनडाचा दुसरा प्रकार जालंधरचा. तिथल्या एका एजंटने २०१८ पासून पोरांना नामांकित कॉलेजची प्रवेशपत्रं दिली. पत्रं बनावट. व्हिसा मात्र खरे लागले! पोरगा उतरला की एजंटचा फोन: "त्या कॉलेजच्या जागा भरल्या, तू दुसरं घे, हे घे तुझे थोडे पैसे परत." पोरांनी दुसरं कॉलेज घेतलं, शिकले, पास झाले, नोकरीला लागले. आणि तीन-चार वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज केला तेव्हा फाइल उघडली आणि देश सोडायची नोटीस आली. शिकलेलं खरं, डिग्री खरी, पण सुरुवातीचं पत्र खोटं. एजंटला मे २०२४ मध्ये कॅनडात तीन वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक प्रवेशपत्र थेट कॉलेजकडे पडताळून बघतं. म्हणजे आधी बघतच नव्हतं.

आता एजंट. किंवा काउन्सेलर म्हणा, तसं म्हटलं की त्यांना बरं वाटतं. "आमची सर्व्हिस फुकट आहे" असं बोर्डावर लिहिलेलं असतं. फुकट कशी परवडते? कारण पैसे कॉलेज देतं, तुमच्या पहिल्या वर्षाच्या फीमधून. यात बेकायदा काही नाही, चांगले एजंटही असेच कमावतात. पण म्हणूनच तो तुम्हाला ज्या आठ कॉलेजांची यादी देतो, त्या आठांत जर्मनीची बिनफीची सरकारी युनिव्हर्सिटी सहसा नसते. तिच्याकडून त्याला काय मिळणार?

आणि एक गोष्ट मला कळली तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो. अमेरिकेत सरकारी शिक्षणमदत घेणाऱ्या कॉलेजांना विद्यार्थी आणण्यासाठी कमिशन द्यायला कायद्याने बंदी आहे. कारण अनुभव असा की कमिशन आलं की नफ्यासाठी चालणारी कॉलेजं कोणालाही भरती करतात आणि कर्जात बुडवतात. पण त्याच कायद्यात एक सूट आहे: परदेशात राहणारे, ज्यांना ती मदत मिळत नाही असे परदेशी विद्यार्थी. त्यांच्यासाठी कमिशन चालतं! म्हणजे स्वतःच्या पोरांसाठी जे धोकादायक ठरवलं, ते तुमच्या-आमच्यासाठी मोकळं.

नफ्यासाठी चालणारं कॉलेज हा शब्द आला म्हणून सांगतो. मघाशी मास्टर्सवाल्यांसाठीच्या २० हजार एच-वन-बीचा उल्लेख केला. त्यात बसायला तुमची डिग्री मान्यताप्राप्त संस्थेची तर हवीच, शिवाय ती संस्था सरकारी किंवा ना-नफा तत्त्वावरची हवी. फॉर-प्रॉफिट कॉलेजची मास्टर्स, मान्यता असली तरी, त्या कोट्यात धरत नाहीत. किती काउन्सेलर हे स्वतःहून सांगतात? आणि मान्यता देणारी संस्थाच बाद झाली तर? एसीआयसीएस नावाची संस्था होती, अनेक खासगी कॉलेजांना मान्यता द्यायची. तिची स्वतःची ओळख २०१६ मध्ये काढली, मग परत दिली, आणि २०२२ मध्ये कायमची काढली. जादा दोन वर्षांचं ओपीटी घ्यायला मान्यताप्राप्त कॉलेजची डिग्री लागते. कॉलेज तेच, वर्ग तेच, पण वरची साखळी तुटली की पोराची नोकरी लटकली.

आपल्याकडे हे नाही असं समजू नका हां. यूजीसी दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी काढते, त्यात महाराष्ट्रातलं नागपूरचं राजा अरेबिक युनिव्हर्सिटी वर्षानुवर्षं आहे. आणि आयआयपीएमच्या पानभर जाहिराती आठवतात का? आमच्या मोठ्या भावंडांच्या पिढीला नक्की आठवतील. मुंबई-पुण्यातही शाखा होत्या. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांना एमबीए, बी-स्कूल असे शब्दच वापरायला मनाई केली. पण आपल्या शहरातलं कॉलेज बोगस निघालं तर निदान संध्याकाळच्या ट्रेनने घरी येता येतं.

पैशाचं बोलू. समजा बदलापूरचा एक फ्लॅट, बाबांनी ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त होताना घेतलेला. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतं. तर फ्लॅट तारण, चाळीस लाख कर्ज, अकरा टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण ५५ हजार. तिकडे डॉलरमध्ये पगार सुरू झाला तर हे काहीच नाही. नाही झाला तर पेन्शनमधून भरून दाखवा. लोक म्हणतात बँकेने कर्ज दिलं म्हणजे बँकेने कॉलेज तपासलं. अहो, फ्लॅट तारण ठेवल्यावर बँकेची झोप कॉलेजवर अवलंबून नसते. राज्य सरकार राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती देतं ना, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना, त्यात विद्यापीठ क्यूएस क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या आत लागतं. सरकार स्वतःचे पैसे घालताना यादी बघतं. तुम्हीही तुमचे पैसे घालताना बघा.

काय बघायचं? अमेरिकेसाठी शिक्षण खात्याचा डीएपीआयपी नावाचा डेटाबेस आहे, कॉलेजचं नाव टाकलं की मान्यता कोणाची आणि कधीपासून ते दिसतं. त्यांचंच कॉलेज नॅव्हिगेटर आहे, तिथे सरकारी, ना-नफा की नफ्यासाठी, हे स्पष्ट लिहिलेलं असतं. दोन्ही फुकट, फोनवर उघडतात, दहा मिनिटांचं काम. कॅनडाची सरकारी यादी बघताना नुसतं नाव आहे का ते बघू नका, शिक्षणानंतरचा वर्क परमिट मिळतो का तो रकाना बघा. ऑस्ट्रेलियाचं क्रिकॉस, जर्मनीचं अनाबिन. पण फार्मिंग्टन लक्षात आहे ना? याद्यांवर थांबू नका. जीन्सवाल्यासारखी शिलाई उलटी करा. या सत्राचं वेळापत्रक मागा. विषय शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांना थेट मेल करा, एजंटला मधे न घेता. लिंक्डइनवर तिथून दोन वर्षांपूर्वी पास झालेला, आणि त्या कॉलेजचा एजंट नसलेला, एक तरी माणूस शोधा. कोणी 'वर्गाला यायची गरज नाही' म्हणालं तर तिथेच उठा. एफ-वन व्हिसावर पूर्णवेळच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरतात, बाकी वर्गात बसायचंच असतं. फी थेट कॉलेजच्या खात्यात. एजंटच्या खात्यात एक रुपयाही नाही, 'डिस्काउंट मिळतो' म्हणाला तरी नाही.

आणि अर्जातली कागदपत्रं स्वतः अपलोड करा, निदान स्वतः डाउनलोड करून एकदा वाचा. जालंधरच्या पोरांचं तेच झालं. सही त्यांची आणि कागद एजंटचा. तिकडच्या कोर्टात 'मला माहीत नव्हतं' हे सिद्ध करायला वकील लागतो, आणि वकील डॉलरमध्ये पैसे घेतो.

एका श्रोत्याने विचारलंय, त्याचा मित्र ऑलरेडी अशा एका कॉलेजात आहे, आता काय करायचं. मी वकील नाही, पण एवढं सांगू शकतो. कॉलेजची परवानगी अजून चालू असेल तर दुसऱ्या खऱ्या कॉलेजात बदली करून घेणं सगळ्यात सोपं. ट्राय-व्हॅली बंद पडल्यावरही काहींना अशी बदली मिळाली होती, पण तेव्हा प्रत्येकाची केस वेगळी तपासली गेली. स्टेटस गेलंच असेल तर ते परत मिळवायचा अर्ज करता येतो, पण साधारण पाच महिन्यांच्या आत, आणि चूक आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाली हे दाखवावं लागतं. म्हणून आजपासून मेल, पावत्या, चॅट, सगळं जपून ठेव म्हणावं. वर्ग कधी सुरू होणार असं विचारलेला मेल असेल तर तो सोन्यासारखा. सल्ला इमिग्रेशनच्या वकिलाचा घ्यायचा, ज्याने तिथे पाठवलं त्या एजंटचा नाही. परराष्ट्र खात्याचं मदद नावाचं पोर्टल आहे, तिथे विद्यार्थ्याने आधीच नाव नोंदवलेलं असेल तर दूतावासाला शोधायला सोपं जातं.

आणि इकडे घरच्यांनी गप्प बसू नये. एजंटने पैसे घेऊन खोटी माहिती दिली असेल तर पोलीस तक्रार आहेच, शिवाय ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे कन्सल्टन्सीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी उल्हासनगर-बदलापूरचा माणूस ठाणे जिल्हा आयोगात जाऊ शकतो. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो. मुदत दोन वर्षांची आहे, आणि लोकांची ही दोन वर्षं "पोराचं नाव खराब होईल" या विचारात जातात. पावती नसेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सअ‍ॅप चॅट जोडा.

बदलापूर आलं असेल तर उतरा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, कॉलेजचं नाव आणि ऑफर लेटर कुठल्या मेलवरून आलं ते सांगा. तुमची ओळख न सांगता पुढच्या भागात त्यातली दोन-तीन नावं आपण त्या डेटाबेसमध्ये लाइव्ह टाकून बघू.